स्लीव्हलेस आणि साफा

जोधपूरच्या सरदार मार्केटमध्ये, घंटाघराच्या सावलीचा जेमतेम पट्टा पडतो तेवढ्यात गोणपाट अंथरून एक म्हातारी केर आणि हिरवी सांगरी या वाळवंटातल्या रानभाज्या विकत बसली होती. मे महिना, सकाळचे अकरा. मी भाव विचारायला वाकले. तिने भाव सांगितलाच नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या लेकीकडे मान वर करून पाहिलं, तिच्या उघड्या दंडांवर नजर ठेवली आणि मला म्हणाली, "बाईसा, छोरी को कुछ ओढ़ा दो." मग काहीच घडलं नसल्यासारखा तराजू उचलला आणि पाव किलो सांगरी जोखली. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिथे ती गप्प बसली, पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "ती मला कपड्यांवरून बोलली आणि तू ऐकून घेतलंस." मी म्हटलं, "तिला ऊन म्हणायचं असेल गं." "ऊन म्हणायचं असतं तर टोपी घाल म्हणाली असती. ओढ़ा दो म्हणाली." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हातारीचा आवाज आठवून पाहिला तर त्यात राग नव्हता, लाडही नव्हता. चहा उतू जातोय असं सांगावं तसं तिने सांगितलं होतं.

तिचं म्हणणं उन्हाबद्दल होतं की अब्रूबद्दल? उरलेली सगळी सहल हा प्रश्न माझ्या मागे लागला.

मे महिन्यात जोधपूरला कोण जातं, हे आम्हाला सगळ्यांनी विचारून झालं होतं. पण लेकीची परीक्षा, नवऱ्याची रजा आणि तिथे नोकरीला असलेल्या भाचीची सवड ही तिन्ही मे महिन्यातच जुळत होती. मध्यमवर्गीय मराठी माणूस थंड हवेच्या ठिकाणी ऋतू बघून जातो आणि बाकी सगळीकडे शाळेच्या सुट्टीत. तर बॅग भरण्यावरून घरात आधीच एक लढाई झाली होती. लेक डोंबिवलीत वाढलेली. तिच्या लेखी ऊन म्हणजे घाम आणि घामावर उपाय म्हणजे कपडे कमी करणं. दोन स्लीव्हलेस कुर्ते, एक बिनबाह्यांचा टॉप, गुडघ्यापर्यंतची पॅन्ट. मी मूळची अकोल्याची. माझ्या बॅगेत सगळं पूर्ण बाह्यांचं, सैल आणि सुती. आम्ही दोघी एकाच उन्हाची तयारी करत नव्हतो, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

डोंबिवलीच्या उन्हात घाम सुटतो तो सुटतच राहतो. तो वाळत नाही, टपकतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ 580 किलोकॅलरी. पण लोकलच्या डब्यात हनुवटीवरून टपकणारा घाम काहीच नेत नाही, तो फुकट जातो. तिथे कातडीला वारा लागू देणं एवढंच हातात असतं. म्हणून स्लीव्हलेस, म्हणून घरातली बनियन, म्हणून सात वाजता पावडरचा डबा. अकोल्याचं गणित निराळं. उन्हाळ्यात पारा 47च्या घरात गेला की हवा अंगापेक्षा गरम होते, कारण आपल्या कातडीचं तापमान साधारण 35 अंश. मग वारा लागला तर तो अंग निववत नाही, अंगात उष्णता भरतो. पंखा लावला तर झळा येतात. अशा वेळी उघडा हात म्हणजे उघडी खिडकी. बाबा दुपारी बँकेतून घरी यायचे ते पांढरा दुपट्टा डोक्यावरून कानामागून घेऊन मानेवर आवळलेला असायचा आणि वरून भिजवलेला असायचा. तो घरी पोचेपर्यंत कोरडाठाक झालेला असे. आई दारातूनच ओरडायची, "डोकसं बांधून जाय वो, नाही तं ऊन लागन." लग्न होऊन मुंबईकडे आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात सवयीने डोकं बांधून स्टेशनला गेले, तर अर्ध्या रस्त्यात जीव गुदमरला. तेव्हा पदर कमरेला खोचला तो कायमचा. हवामान खात्यालाही हा फरक मान्य आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानात किमान 40 अंश लागतात, किनाऱ्यावर 37 पुरतात.

जोधपूरला उतरलो तेव्हा भाचीने पहिली गोष्ट सांगितली ती पाण्याची आणि दुसरी, "मावशी, इथे घाम येत नाही असं वाटेल, त्यावर विश्वास ठेवू नका." येतो, पण दिसायच्या आत वाळतो. संध्याकाळी नवऱ्याच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या आणि तो दिवसभर सांगत होता, आपल्याला बुवा इथलं ऊन मानवलं. याच शहराच्या उत्तरेला, तेव्हा जोधपूर जिल्ह्यातच असलेल्या फलोदीत, 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती. आम्हाला मिळाले 44. रिक्षावाल्याने तो आकडा ऐकून "आज ठीक है" म्हटलं.

मंगळसूत्राबद्दल मात्र कुणीच सावध केलं नव्हतं. जोधपूरच्या किल्ल्याचा, मेहरानगडाचा चढ चढताना गळ्याशी चटका बसायला लागला. वाटी तापलेली, मण्यांची सरही तापलेली, आणि कातडीला लागेल तिथे लालसर डाग. घड्याळाचा पट्टा, पर्सची चेन, चष्म्याची काडी, धातूचं म्हणून जे काही अंगावर होतं त्या सगळ्याने आपापली हजेरी लावली. मंगळसूत्र कुर्त्याच्या आतून काढून बाहेर, कापडावर घेतलं, मग ओढणीखाली लपवलं, मग सरळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. गडाच्या दक्षिण टोकाला चामुंडा मातेचं देऊळ आहे. तिथे चपला काढायच्या. चालायला पायपुसण्याची पट्टी अंथरलेली होती, पण माणसं चुकवताना पाऊल दगडावर पडायचंच. नवरा आणि मी अक्षरशः नाचत गाभाऱ्यापर्यंत गेलो. आमच्यापुढे एक मारवाडी कुटुंब चाललं होतं. सासूबाईंनी शांतपणे पिशवीतून सुती मोज्यांची जोडी काढली, पायात चढवली आणि चालू लागल्या. वाळवंटात जाताना काय न्यावं याची यादी मला कुणी विचारली तर मी पहिल्यांदा जाड सुती मोजे सांगेन, गॉगल नंतर.

त्या गडावरच्या संग्रहालयात पगड्यांचा संग्रह आहे. काचेमागच्या पगड्या बघताना वाटतं, हे सगळं मिरवायचं. बाहेर रस्त्यावर आलं की कळतं, ते कामाचं आहे. साफा साधारण नऊ मीटरचा असतो, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा हातभर जास्तच, आणि हे सगळं एका पुरुषाच्या डोक्यावर. थरावर थर, थरांच्या मध्ये हवा. ऊन वरच्या थरावर पडतं, ते डोक्याच्या कातडीपर्यंत पोचेतो बराच प्रवास होतो. जुनी माणसं त्याची उशी करायची, जखम बांधायची, दोराला जोड देऊन विहिरीतून पाणी काढायची. इथल्या बिष्णोई पंथाचे पुरुष तर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्या पंथाच्या 29 नियमांत निळं वस्त्र घालू नये असाही एक नियम आहे. आणि आपण या शहराचं नाव कशाला दिलंय? लग्नातल्या जाड बंदगळ्याच्या सुटाला! आमच्याकडे मे महिन्यातल्या मुहूर्तावर, पंखे बंद पडलेल्या कार्यालयात, नवरामुलगा "जोधपुरी" घालून घामाने निथळत उभा असतो. असा सूट घालून मे महिन्याच्या दुपारी फिरणारा एकही माणूस मला जोधपुरात दिसला नाही.

पांढराच रंग उन्हात बरा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण कच्छच्या पशुपालक रबारी समाजातल्या बायका काळी लोकर पांघरून उन्हात फिरतात आणि अरबस्तानातले, सिनाईतले बदू, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, काळे झगे घालतात. ते काय वेडे आहेत? 1980 मध्ये चार संशोधकांनी इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात एका माणसाला भर दुपारी कधी काळ्या झग्यात, कधी पांढऱ्या झग्यात, कधी सैनिकी गणवेशात आणि कधी नुसत्या चड्डीवर उभं केलं आणि मापं घेतली. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरंच निघालं. पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत वाऱ्यावर निघून जाते. अंगाला बसणारा ताप दोन्ही झग्यांत सारखाच. म्हणजे भानगड रंगाची नाही, कापड आणि कातडी यांच्यामधल्या जागेची आहे. लेगिंग पांढरी असली तरी मारतेच, आणि आजीचा काळा परकर चालून जातो. हे मी हॉटेलच्या खोलीत लेकीला उत्साहाने सांगितलं. तिने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, "त्या माणसाला चड्डीवर उभं केलं तेव्हा कुणी ओढ़ा दो म्हणालं का?"

तिचा मुद्दा मला नाकारता येत नव्हता. कारण दुसऱ्याच दिवशी पावटा सर्कलपाशी सिग्नलला एक मोटारसायकल आमच्या रिक्षाशेजारी थांबली. पुढे नवरा, डोकं उघडं, शर्टाची वरची दोन बटणं सोडलेली. मागे बायको, हनुवटीच्याही खालपर्यंत घूंघट. गुलाबी रंगाचं, टिकल्या लावलेलं, झिरझिरीत सिंथेटिक कापड. गरम वाऱ्याने ते तिच्या नाकातोंडाला चिकटत होतं आणि ती दोन बोटांनी ते पुढे ओढून मधून मधून श्वास घेत होती. मी तेवढा वेळ त्या दोन बोटांकडेच बघत राहिले. उन्हासाठी पांघरलेलं कापड दाट विणीचं आणि सुती हवं, पातळ पांढऱ्या मलमलीतून ऊन बरंचसं आत येतंच. घूंघटाचं कापड मात्र झिरझिरीत असावं लागतं, नाही तर आतल्या बाईला रस्ता कसा दिसणार? ऊन अडवायचं कापड आणि नजर अडवायची ओढणी ही दोन वेगळी कापडं आहेत. लांबून दोन्ही सारखीच रंगीबेरंगी दिसतात, आणि आपण फोटो काढून "राजस्थानचे रंग" असं लिहून मोकळे होतो.

आणि रंग सगळे सुरतचे. सांगरीवाल्या म्हातारीचीही ओढणी पॉलिस्टरचीच होती, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. पिवळी, कडेला चंदेरी गोटा, जागोजाग दोरे निघालेले. तिने कोपरापासून वर खांद्यापर्यंत पांढरे प्लास्टिकचे चुडे घातले होते आणि शेजारच्या लोट्यातलं पाणी ती सांगरीवर शिंपडायची तेव्हा थोडं ओढणीच्या टोकावर शिंपडून ते टोक मानेला लावायची. सुती ओढणी महाग पडते, तिचा रंग उतरतो, इस्त्री मागते. पॉलिस्टर धुतलं की वाळलं आणि वर्षानुवर्षं तसंच. गावोगावच्या सुती कापडाचं कौतुक करायला आम्ही शहरातून येतो आणि वाळवंटातल्या बायकांना नायलॉन-पॉलिस्टर परवडतं, हा विनोद कुणाच्या वाट्याचा ते मला ठरवता येईना. जाताना गाडी राजस्थानातल्या पालीवरून गेली होती. आपल्या ब्लाउजचं रुबिया तिथून येतं. तिथल्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांनी बांडी नदीचं पाणी काय करून ठेवलंय त्यावर वर्षानुवर्षं खटले चाललेत. माझ्या माहेरच्या कपाटातले किती ब्लाउज त्या पाण्याने रंगले असतील, हे मनात आलं आणि मी ते लेकीला सांगितलं नाही. तिच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या.

खरं तर ही मुलगी कापड बांधण्याच्या विरुद्ध मुळीच नाही. ती पुण्यात शिकते. स्कूटीवर बसायच्या आधी ती जो स्कार्फ बांधते त्यात फक्त डोळे उरतात, वरून हातमोजे आणि सनकोट. पुण्याच्या मुलींच्या या अवताराची लोक चेष्टा करतात, पण विदर्भात तो आधीपासून आहे. त्या स्कार्फमागे ऊन आहे, धूळ आहे, रंग काळवंडेल ही धास्ती आहे, आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते ओळखीच्या काकांना कळू नये, ही सोयही आहे. स्वतःच्या हाताने बांधला की स्कार्फ. दुसऱ्याने सांगितलं की बुरखा. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगदी बरोबर. यात विसंगती काय आहे?" काहीच नव्हती.

तिसऱ्या प्रहरी, दुकानं उघडायच्या वेळेला, ती स्वतःहून एका कापडाच्या दुकानात शिरली. समोर लहरिया, बांधणी, मोठडा यांचे ढीग. तिने त्यातलं काहीच नको म्हटलं आणि कोपऱ्यातला पांढऱ्या मलमलीचा तागा दाखवला. दुकानदार अडखळला. "ये तो साफ़े का है. आदमियों का." "मालूम है," ती म्हणाली, "चार मीटर दीजिए." त्याने गिऱ्हाईक म्हणून कापलं, पण घडी करता करता त्यालाच राहवेना. बाहेर येऊन त्याने तिला बांधायला शिकवलं. एक टोक दातात धरायला लावलं, दुसरं पिळत पिळत डोक्याभोवती, शेवटचा हातभर पदर मानेवर मोकळा. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा तिरपं बसलं. तेवढ्यात समोरच्या मिर्चीवड्याच्या गाडीवरचा पोरगा हसायला लागला, तेव्हा दुकानदाराने त्याला मारवाडीत काहीतरी झापलं. अंगात स्लीव्हलेस कुर्ता, डोक्यावर पुरुषाचा साफा, आणि साफ्याचा मोकळा पदर तिने दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन दंडांवर ओढून घेतलेला. आता ओढलं की नाही तिने? ओढलंच. पण म्हातारीने सांगितलेलं ऐकलं असं म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

रात्री भाचीच्या गच्चीवर झोपलो. कपडे धुऊन दोरीवर टाकले होते ते जेवण होईतो पापडासारखे कडक वाळले. इथे दोन जोड नेले तरी माणूस महिना काढेल, आम्ही आठवड्याच्या सहलीची बॅग उगाच फुगवून आणली होती. खाली खोलीत कूलर छान चालत होता. मुंबईत हाच कूलर लावला तर खोलीची फक्त ओली गुहा होते, इथे तो गारवा देतो, कारण हवेला पाणी हवंच असतं. अकोल्याला वाळ्याच्या ताट्या भिजवायचो त्याचंच हे पत्र्याच्या डब्यातलं रूप. गच्चीवरून आईला फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली, म्हातारी, सांगरी, ओढ़ा दो, लेकीचा राग. विचारलं, "तुला काय वाटते आई, ऊन म्हणाली का ते की दुसरंच काही?" आईने क्षणभरही विचार केला नाही. "दोन्ही म्हणाली असन. मी तुले म्हणत होती तं काय एकच म्हणत होती काय?" आणि लगेच विचारलं, "कांदा ठेवला नं पर्समध्ये?"

मग मला आठवत गेलं. अकोल्यात दुपारी शिकवणीला जाताना आई दुपट्टा बांधून द्यायची, तो डोक्यावरून सुरू होऊन छातीपर्यंत व्यवस्थित यायचा. भावाचा मानेवरच संपायचा. ऊन दोघांनाही तेवढंच होतं. तेव्हा मला ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी दुपट्टा काढून टाकला असता असं नाही. त्या दुपट्ट्याखाली खरंच बरं वाटायचं. ओल्या कापडाचा तो वास, आतली थोडीशी अंधारी गारवेलेली हवा, स्वतःचाच श्वास. लेकीला हे सांगावं की नाही, यावर माझं अजून नक्की होत नाहीये. सांगितलं तर ती म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते? आणि बरं वाटायचं तो भाग तिच्या कानावरून जाईल.

परत आल्यापासून मी या विषयातली तज्ज्ञ झाले असा सोसायटीचा समज झाला आहे. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. मुलाकडे दुबईला चालल्यात, जुलैमध्ये, सुनेचं बाळंतपण. "वाळवंटच ना ते, काय कपडे नेऊ?" मी सैल, सुती, पूर्ण बाह्या असं सुरू केलं आणि मध्येच थांबले. दुबई वाळवंट खरी, पण समुद्राला टेकलेली, आणि उन्हाळ्यात तो समुद्रही कोमट. म्हणजे अकोल्याचं ऊन आणि डोंबिवलीची चिकचिक एकाच वेळी. तिथे सरकारच 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामं बंद ठेवतं. ती कामं करणारी बरीच माणसं आपल्याच देशातली, तोंडाला कापड गुंडाळून वर कंपनीचा जाड अंगरखा घालणारी, त्यांना सैल की सुती असं कुणी विचारत नाही. काकूंना यातलं काहीच लागणार नव्हतं. त्या घरातून गाडीत, गाडीतून मॉलमध्ये आणि मॉलमधून दवाखान्यात जाणार, आणि चारही ठिकाणी एसी हाडं गोठवणारा. शेवटी मी एवढंच म्हटलं, "काकू, बाकी काही नेऊ नका, एक कानटोपी तेवढी न्या." काकूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अगं, ती सगळ्यात आधी भरली."